अमान्य केलेली स्लाइड

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, इस्रायलला गेलेल्या बहिणीला तर नाहीच — ती लगेच रडायला लागेल, आणि मला कोणाचं रडणं आवरत बसायचं नाहीये. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

पनवेलच्या एका लॅबमध्ये मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रक्ताचा थेंब काचेवर पसरवायचा, रंगवायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा — अठरा वर्षं हेच करतेय. तीन वर्षांपूर्वी मालकांनी एक सॉफ्टवेअर आणलं. कॅमेरा स्लाइडचे फोटो काढतो, सॉफ्टवेअर एकेक पेशी तपासतं, आणि ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची शंका आली की त्या पेशीभोवती लाल चौकट काढतं. मग मी बघून 'मान्य' किंवा 'अमान्य' दाबायचं. माझ्या उत्तरांवरून ते पुढे शिकत जातं. लॅबमधल्या मुली त्याला सूनबाई म्हणायच्या — आणि मला सासूबाई. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? कालची आलेली पोर मला रक्त शिकवणार?

पुढच्या पावसाळ्यात घरोघरी डेंग्यू होता. अशा तापात पांढऱ्या पेशी फुगतात, वेड्यावाकड्या होतात, कॅन्सरच्या कच्च्या पेशींसारख्या दिसतात. सूनबाई घाबरून चौकटी काढत सुटायची, मी अमान्य, अमान्य करत जायचे. बहुतेक वेळा माझंच बरोबर निघायचं — तेच वाईट झालं.

जासईची हर्षदा ताप आणि कमी झालेल्या प्लेटलेट्स घेऊन आली. पंचवीस वर्षांची, बी.एड. करत होती. तिच्या स्लाइडवर सहा चौकटी होत्या. मी अमान्य केलं. 'व्हायरल ताप' असा रिपोर्ट गेला. तीन आठवड्यांनी हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून ती परत आली. या वेळी काचेवर सगळीकडे त्याच पेशी होत्या. तिला झालेला ल्युकेमिया वेळेत सापडला तर माणूस बहुतेक वेळा वाचतो.

तुम्ही म्हणाल — चूक झाली. दिसायला सारख्या पेशी, माणूस आहे, चुकायचाच. मीही स्वतःला वर्षभर हेच सांगितलं. पण चुकायला आधी बघावं लागतं ना? मी बघितलंच नव्हतं. त्या दुपारी चौकटीवाल्या चाळीस स्लाइड साचल्या होत्या, आणि मी पार्लरची वेळ घेतली होती — हो, पार्लरची. मी सगळ्या एकदम निवडल्या आणि एकदाच अमान्य दाबलं. हर्षदाची स्लाइड मी मायक्रोस्कोपखाली लावलीसुद्धा नाही.

तिच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांना हे मशीन पहिल्यापासून आवडत नव्हतं. म्हणाले, "पहिल्या वेळी मशीनने चुकवलं वाटतं?" मला खोटं रचावंही लागलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला. मी म्हटलं, "हो."

हर्षदा मुंबईच्या हॉस्पिटलात अकराव्या दिवशी वारली. तेरावं झाल्यावर तिचे वडील लॅबमध्ये आले. मला वाटलं, कळलं यांना. तर म्हणाले, "मॅडम, मशीनला काय कलतंय? तुमी बगितलात म्हनून कललं तरी." आणि मला हात जोडले. मीही जोडले. त्या क्षणी मला स्वतःची किळस आली — आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे इथले कोकणातले ज्यू. किपूरच्या उपवासाला सिनेगॉगमध्ये उभं राहून सगळे एकत्र पापं कबूल करतात, आणि ती 'आम्ही' म्हणून करतात — आम्ही खोटं बोललो, आम्ही फसवलं. त्या 'आम्ही'त मी आता दोन वर्षं लपतेय. शेजारच्या बायकांच्या आवाजात माझा आवाज मिसळला की कोणी काय केलंय, कोणाला कळणार? देवाला कळत असेल. त्याने अजून तरी काही केलेलं नाही.

पण हर्षदापाशी हे संपलेलं नाही. सूनबाई शिकली. माझ्या त्या चाळीस उत्तरांवरून — आणि त्याआधीच्या किती? — असल्या पेशींना चौकट काढायची नाही, हे शिकली. आता ती उरण, पेण, कर्जतच्या छोट्या लॅबमध्येही गेलीये. तिथे रोज पॅथॉलॉजिस्ट नसतो, चौकट नसली की हिरवी खूण येते आणि रिपोर्ट जातो. मागच्या महिन्यात मी हर्षदाची पहिली स्लाइड कपाटातून काढून मुद्दाम पुन्हा कॅमेऱ्याखाली लावली. एकही चौकट नाही. हिरवी खूण.

जुनं उत्तर बदलता येतं. पण ते कोणी बदललं, आधी काय दाबलं होतं, किती स्लाइड एकदम दाबल्या होत्या, सगळं वर येतं. एरवी ते कोणी उघडून बघत नाही. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस दर महिन्याला मेलवर विचारतो — कुठलं जुनं उत्तर दुरुस्त करायचं आहे का? या सोमवारीही मेल आला होता. मी 'नाही' असं लिहून पाठवलं.