आधी माझा हात

जळती कांडी कुणाच्याही अंगाजवळ नेण्याआधी गोदाबाई ती स्वतःच्या मनगटाजवळ धरायच्या. थोडं थांबायच्या आणि म्हणायच्या, "आधी माझा हात, मंग तुमचा." पेशंट रोजचा असला तरी यात बदल नाही.

मी मात्र पहिल्या दिवशी ती कांडी पाहून थेट दार गाठलं होतं. मी मूळचीच भित्री. त्यात लहानपणी पोट फुगलं म्हणून गावी, वाटूरला, आमच्या आजोबांनी तापल्या सळईने पोटावर डाग दिलेले, ते अजून आहेत. तेव्हा छातीच्या कॅन्सरसाठी केमोचे दोन डोस झाले होते. उलट्यांनी जीव नकोसा झाला होता, आणि तिसऱ्या डोसला जायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. घरी बोलले नव्हते. मरायची भीती होतीच, पण त्या सलाइनच्या खुर्चीची जास्त होती.

गोदाबाई निवृत्त नर्स. मस्तगड भागात आमच्या घरासमोरच राहायच्या. कांडीचा हा चिनी शेक त्या कुठल्याशा शिबिरात शिकल्या होत्या. दवण्याच्या जातीचा वाळका पाला कागदात घट्ट वळून केलेली कांडी पेटवायची, कातडीपासून दोन बोटं वर धरायची आणि गुडघ्याखाली ऊब द्यायची. डॉक्टरांना विचारल्याशिवाय, रक्ताचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय त्या आगकाडी ओढत नसत. मी दारातूनच त्यांना पोटावरच्या डागांचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"माझ्याबी पोटावर हायेत," म्हणाल्या. "म्हणून तर मी टेकवीत न्हाई. ह्यानं कॅन्सर जात न्हाई बरं का. मळमळ कमी झाली तर झाली. सलाइन चुकवायचं न्हाई."

माझ्या मनातलं यांना कसं कळलं, कोण जाणे. मी परत आत येऊन पाय पुढे केले. त्या संध्याकाळी मी दूध-भाकरी खाल्ली आणि ती पोटात राहिली. गुण कांडीचा की गोदाबाईंचा, मला सांगता येणार नाही. तिसरा डोस घेतला, चौथाही घेतला.

त्यानंतर आई गावाहून आली. तिला रोज एकच खटकायचं, डाग उठल्याशिवाय गुण येईलच कसा? एकदा गोदाबाई कांडी राखेच्या वाटीत ठेवून पाणी प्यायला आत गेल्या. आईने ती उचलली आणि सरळ माझ्या पावलाला टेकवली. मी भिंतीला टेकून, डोळे मिटून तिच्याशी बोलत होते. वास आला तेव्हा विचारलं, काय करपलं गं? केमोने पाय बधिर झालेत, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

गोदाबाईंनी येऊन पाहिलं आणि लगेच रिक्षा बोलावली. केमोत जखम चिघळली तर जिवावर बेततं. डॉक्टरांपुढे त्या म्हणाल्या, "पेटती कांडी मीच सोडून गेल्ते. चूक माझी." आईचं नावही घेतलं नाही.

जखम भरली, पण तोवर पाचवा डोस लांबला. आता शेक नको आणि डोसही नको, असं मी रडत सांगितलं. गोदाबाई पुढ्यात बसल्या. डाव्या हाताची दोन बोटं फाकवून माझ्या पायावर ठेवली आणि कांडी त्या बोटांमधल्या फटीवर धरली.

"तुझ्या पायाला कळंना," त्या म्हणाल्या. "माझ्या बोटाला तर कळंन."

ठरलेले सहाही डोस झाले. अजून दर तपासणीच्या आदल्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

गोदाबाई गेल्या वर्षी ध्यानीमनी नसताना गेल्या. त्यांना मुलगी नव्हती. आंघोळ घालणाऱ्या बायकांत मी होते. डावा हात धुताना ती दोन बोटं फाकवली, तर मधल्या फटीच्या बाजूने कातडी जागोजाग भाजून काळी, राठ झालेली. इतके दिवस त्या माझ्यासमोर कांडी धरून बसत होत्या आणि एकदाही हूं की चूं केलं नव्हतं. मी ती बोटं धरूनच बसले. शेवटी बायका म्हणाल्या, सोड आता, पाणी गार होतंय.