पावणेतीन तासांचं पाणी

सोपानतात्यांना किती वाजले असं विचारलं, की ते आधी ‘कशाला?’ म्हणून विचारायचे. एस.टी. गाठायची असली तर ‘पळा!’ आणि चहा घ्यायचा असला तर ‘लई येळ हाय.’ मनगटावर घड्याळ कधी नव्हतं. तरी निरवांगीच्या पाटावर एकामागून एक शेतांना पाणी सोडायचं काम वीस वर्षं त्यांच्याकडे होतं आणि शेवटचं शेत एकदाही कोरडं राहिलं नव्हतं. या गोष्टीचा त्यांना नातवापेक्षा जास्त अभिमान होता.

नव्वदच्या दशकात मी बारामतीत कॉम्प्युटर क्लास चालवायचो. निरवांगीच्या पाणीसंस्थेने मला कुणाला किती वेळ पाणी, याच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम करायला सांगितला. मी पडलो अतिशहाणा, तास दशांशात मांडले. शेतं पाच, पंपाला वीज सकाळी सहा ते दुपारी चार, बेरीज चोख दहा.

पहिलं शेत दगडूआबांचं. त्यांच्या चिठ्ठीवर आलं २.७५. तात्या वेळेवर पाणी वळवायला गेले, तर आबा लग्नातलं घड्याळ पुढे करून आडवे उभे.

‘दोन तास पंच्याहत्तर मिनिटं लिव्हल्यात. अजून अर्धा तास ऱ्हायलाय.’

‘आबा, पंच्याहत्तर मिनिटांचा तास तुमच्या कोंबड्यानं काढला का?’

‘मग कॉम्प्युटर खोटं बोलतोय व्हय?’

पुढच्याच्या चिठ्ठीवर १.९०. त्यानेही एक तास आणि वर नव्वद मिनिटं मोजून घेतली. चौघांनी असाच हात मारला. चारला वीज गेली तेव्हा खालच्या शेवंताकाकूंना त्यांच्या दोन तासांतली चाळीसच मिनिटं मिळाली होती, आणि त्यांचा गहू ओंबीत आलेला. काकू भांडल्या नाहीत. ‘मास्तर, माजं बाकीचं पाणी तुमच्या मशीनमधी ऱ्हायलं का?’ एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तात्यांनी वाकून गव्हाची एक ओंबी चाचपली. मग म्हणाले, ‘गहू चार दिस दम धरंल. तवर तुमच्या डब्याला माणसात आणा.’

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच क्लासवर हजर. चपला बाहेर काढून, हात धुऊन पडद्यासमोर बसले. मी प्रोग्रामला सव्वा, साडे, पावणे शिकवलं आणि दीड तास टाकून पाहिला. छापून आलं, ‘साडेएक तास’. तात्या हसता हसता ठसकले. ‘ह्याला बालवाडीत घाला आधी!’ दीड आणि अडीच मग वेगळे शिकवावे लागले.

‘आता सुटी मिनिटं काढून टाका. एक तास चोपन्नचं पावणेदोन करा. उरंल ते खाली सोडा.’

‘तात्या, हा वरच्यांवर अन्याय आहे.’

‘वरनं काकूच्या शेतात पोचायला पाणी पाव तास चालतं. त्यो पाव तास आजवर कागदावर कुणाचा? काकूचाच न्हवं?’

मी बेरीज केली. चौघांची सुटी मिनिटं बरोबर पंधरा निघाली. हा माणूस वीस वर्षं तोंडी हेच करत आला होता आणि मी त्याला दशांश शिकवायला निघालो होतो.

‘मग काकूंना सव्वादोन तास लिहू?’

‘भिजेपर्यंत लिव्हा.’

‘कॉम्प्युटरला ते कळत नाही, तात्या.’

‘मग शिकवा की. मास्तर कशाला झालाय?’

शिकवलं. चौथ्या दिवशी संस्थेने खास पाणी सोडलं. दगडूआबांनी ‘पावणेतीन तास’ वाचलं आणि वेळ होताच फावडं खांद्यावर टाकून गुपचूप घर गाठलं. काकूंच्या चिठ्ठीवर ‘भिजेपर्यंत’ होतं, आणि गहू बांधापर्यंत भिजला.

पुढे मी पुण्यात नोकरीला लागलो. तात्यांनी अंथरूण धरल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेलो. ती शेवटची भेट, हे त्यांच्याकडे बघूनच कळत होतं. मी उशाशी बसलो. तेवढ्यात रस्त्यावर चारच्या एस.टी.चा हॉर्न वाजला.

‘मास्तर, पळा!’

मी हललो नाही.

‘किती येळ बसताय मग?’

‘भिजेपर्यंत, तात्या.’

तात्या ठसका लागेपर्यंत हसले. मग मान वळवून आत ओरडले, ‘चा टाका गं! लई येळ हाय.’