भूत उठले, लोकांनी हात जोडले

नरहरपंतांची आणि माझी ओळख झाली ती भोरच्या बाजारपेठेत. अंगात येणे, भूत उतरवणे या थोतांडाविरुद्ध मी तासभर बोललो होतो. गर्दी पांगल्यावर एक उंच, शांत गृहस्थ पुढे आले. "आवाज चांगला आहे तुमचा. मी भुताचा सिनेमा काढतोय, त्याला हवा आहे."

"भूत नसते हेच मी आत्ता सांगत होतो," मी म्हणालो.

"ऐकलं ना. शेवटी तेही सांगा. पण आधी भूत तर येऊ द्या."

नरहरपंत तेव्हा शाळेत चित्रकला शिकवीत आणि नाटकांचे पडदे रंगवीत. ते मूकपटांचे दिवस होते. पडद्यावरची अक्षरे बहुतेकांना वाचता येत नसत, म्हणून तंबूत पडद्याशेजारी उभे राहून कोणीतरी गोष्ट सांगावी लागे. ते काम माझ्याकडे आले. खेळ संपताच 'हे सारे खोटे आहे' असे सांगण्याची मुभा मी मागितली. त्यांनी ती तत्काळ दिली. विरोधकालाच आपल्या व्यासपीठावर बोलावणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत.

गोष्ट विलायती होती. दगाफटक्याने मारलेला एक सरदार थडग्यातून उठतो आणि मारेकऱ्याच्या घराण्यावर सूड उगवतो. पण आपल्याकडे मेलेल्याला जाळतात. राखेतून कोण उठणार? पंतांनी पुष्कळ विचार केला आणि सरदाराचा गोसावी केला, कारण गोसाव्याला समाधी देतात. इतका साधा उपाय मलाही सुचला नसता. त्यातून पुढे काय निघेल हे दोघांनाही कळले नाही.

कॅमेरा पुण्याहून भाड्याने आणला. वेल्ह्याला तोरण्याच्या पायथ्याशी बांबू आणि गोणपाटाची समाधी उभी केली. रात्रीचे प्रसंग भर उन्हात घेतले आणि फीत निळ्या रंगात बुडवली. गोसावी झाला धोंडिबा नावाचा तिथला शेतकरी. एका सकाळी तो म्हणाला, "पंत, माजं भात खळ्यावर पडलंय, म्या न्हाई यायचा." पंतांनी कॅमेरा गुंडाळून ठेवला आणि धोतर खोचून स्वतः मळणीला उतरले. दुसऱ्याचे काम अडवून स्वतःची कला पुढे रेटणे त्यांना कधी जमले नाही.

भोरला पहिला खेळ झाला. समाधी फुटली, राख फासलेला धोंडिबा डोळे वटारून उठला. किंकाळ्या येतील म्हणून मी थांबलो. मग पुढच्या रांगेतल्या एकाने डोक्यावरचे पागोटे काढून हात जोडले. पाठोपाठ सगळा तंबू उठून उभा राहिला.

"अहो, हे दुष्ट भूत आहे, नमस्कार कसला करता?" मी ओरडलो.

"गप ऱ्हावा की मास्तर," एक म्हातारा म्हणाला. "म्हाराज उठल्यात. दिसंना व्हय तुमाला?"

भूत नसते असे जन्मभर सांगणारा मी, त्या संध्याकाळी हे भूतच आहे म्हणून लोकांच्या विनवण्या करीत होतो. शेवटचे माझे भाषण कोणी ऐकले नाही.

खेळ तुडुंब चालू लागले. आठवड्याने धोंडिबा पंतांच्या घरी येऊन बसला. "लोक माजं पाय धुत्यात, पंत. बायकू हसून हसून मरतीया." हा चारचौघांसारखाच माणूस आहे हे लोकांनी डोळ्यांनी पाहावे म्हणून पंतांनी त्याला ओसरीवरच बसवले. परिणाम उलटा झाला. रांग लागली.

त्या रांगेत वरवे गावची एक बाई होती. पदराखाली तीन-चार वर्षांची मुलगी, सगुणा. अंग तापाने फणफणलेले, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. दवाखाना दोन गल्ल्यांवर होता. बाईला अंगारा हवा होता. मी तिला समजावले, रागावलो, पुन्हा समजावले. ती शांतपणे म्हणाली, "तुमी लई चांगलं बोलता, दादा. पर म्हाराज अजून काईच बोललं न्हाईत."

नरहरपंत धोंडिबाच्या कानाशी वाकले. धोंडिबाचा चेहरा उतरला. मग त्याने डोळे मिटले आणि जड आवाजात म्हणाला, "ऊठ बाई. पोरीला दवाखान्यात ने. डाक्टर सांगंल तसं कर. हितं परत पाय ठिवू नगं."

बाई तत्क्षणी उठली. मुलीला पंतांनीच उचलून नेले. न्युमोनिया होता. मुलगी वाचली.

"पंत, माझ्या सगळ्या व्याख्यानांवर तुम्ही पाणी ओतलंत," मी दवाखान्याच्या पायरीवरच त्यांना म्हणालो.

"ओतलं असेल. पोरगी झोपलीय, हळू बोला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तंबू उतरवला. लोक दुरून येत होते, तरी तो सिनेमा पुन्हा कधीच लावला नाही. मी कारण विचारले. ते म्हणाले, "पुढचं आजारी पोर आलं आणि तेव्हा मी घरी नसलो तर?"

हा प्रश्न मला माझ्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठा वाटतो. तरीही माझे मत बदललेले नाही. खोट्याच्या खांद्यावर बसून खरे फार दूर जात नाही, हे मी आजही कोठेही उभा राहून सांगेन. पण वरव्याचे लोक त्यानंतर आजाऱ्याला आधी दवाखान्यात नेऊ लागले, आणि त्यातले कित्येक डॉक्टरांच्या उंबऱ्यावर नारळ ठेवू लागले. याला आमचा विजय म्हणावे की पराभव? इतकी वर्षे झाली, मला सांगता येत नाही. पंतांना विचारले की ते हसतात.

सगुणा आता सारोळ्याला नांदते. पंतांच्या षष्ट्यब्दीच्या समारंभाला ती बाळाला घेऊन येणार आहे आणि मला तिच्यासमोर बोलायचे आहे. काय बोलावे ते अजून ठरलेले नाही.

आशीर्वादाने आयुष्य वाढते असे मी मानत नाही. म्हणून माणसाने माणसाला द्याव्यात तशा साध्या शुभेच्छा देतो. नरहरपंतांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, पाय चालते राहोत, ते पुष्कळ वर्षे जगोत. आणि कधी आजारी पडलेच तर वेळेवर डॉक्टरांकडे जावोत, मग ते कोणाच्याही सांगण्यावरून का होईना.