आडवी आलेली बकरी

आबा गेल्याची चिठ्ठी धुळ्याला माझ्या सासरी आली तेव्हा मी दळण निवडत होते. तीन आठवडे झाले, पण दळणाला बसलं की हात अजून तिथेच अडतो...

धरणगावपुढचं आमचं स्टेशन आधी नुसतं पत्र्याचं छप्पर होतं. आबा तिथले पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलायचे, सिग्नलचे दिवे लावायचे, अगदी पहिल्या दिव्यापासूनचे. कापूस वाढला तशी दगडी इमारत झाली, गाठींसाठी फलाट आला, दुसरा रूळ पडला, तारेचं कुंपण बसलं. गावाचं नशीब उघडलं, असं लोक म्हणत. आबांचं मात्र एकेक दार लागत गेलं. दोनाचे आठ दिवे झाले, लावणारा माणूस एकच. बदली माणूस मिळत नसे, म्हणून माझ्या घराचा उंबरा त्यांनी कधी पाहिला नाही. सगळ्या गावाला गाडीत बसवून देतात आणि आपल्या लेकीकडे यायला यांना गाडी नाही, असं मी रागानं म्हणायची.

खरा राग त्याहून जुना होता. दोन मुलांच्या बिजवराशी माझं लग्न लावलं. पाठवणीच्या सकाळी आबा दिव्यांच्या काचा पुसत होते. मी हळूच म्हटलं, “आबा, माले नही जावानं.” ते पुसतच राहिले. भाऊबंदांपुढे दिलेला शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती. माझी तरी कुठे होती?

स्टेशनात रूळ दोन झाले, तरी बाहेर आमची लाईन एकेरीच. पुढची वाट मोकळी असल्याची खूण म्हणून ड्रायव्हरला लोखंडी गोळा द्यावा लागे, त्याशिवाय गाडी हलत नसे. त्या दिवशी आबा गोळा घेऊन इंजिनापाशी उभे राहिले, आणि देईनात. शिटी झाली, मास्तर ओरडले. मी खिडकीचे गज धरून बसले होते. आता हाक मारतील, उतर म्हणतील... शेवटी त्यांनी गोळा दिला. उशीर का केला विचारल्यावर मास्तरांना म्हणाले, बकरी आडवी आली. पुढे आमच्या घरात कुणालाही उशीर झाला की त्या बकरीची थट्टा ठरलेली. आबाही हसायचे.

माहेरी आबांचं दिवसकार्य उरकल्यावर, रडू आवरावं म्हणून, मी आईजवळ तीच थट्टा काढली. आई हसली नाही.

“कसानी बकरी? तू उतरशी म्हनीसन तुना आबा वाट दखी राहिंतात.”

दुसऱ्या दिवशी धुळ्याला परत निघाले. गाडी लागली, मी गज धरून बसले. नव्या माणसानं गोळा लगेच देऊन टाकला. मला उतरायला वेळच मिळाला नाही.