जिद्दीचा शॉट

मेडशीचं न्यूज चॅनल म्हणजे एक माणूस, त्याचा मोबाइल, माइक आणि खिशातला कंगवा. नाली तुंबल्याची बातमीही तो "मित्रांनो, हार मानू नका!" म्हणूनच संपवतो.

परवा आमची काळीपिवळी जीप मालेगावच्या रस्त्यात बंद पडली. आम्ही उतरून ढकलत होतो आणि हा पुढं उभा राहून आमची जिद्द जगाला सांगत होता. हात लावायला त्याला सवड नव्हती. गाडी सुरू झाली, आम्ही घाम पुसत बसलो, तर हा दारात आडवा.

"काका, रेकॉर्डिंगच चालू नव्हती. गाडी बंद करा न, अजून एकडाव ढकलू!"

ढकलू, म्हणे! आता ड्रायव्हर याच्या कानाखाली काढणार, म्हणून मी सरसावून बसलो.

ड्रायव्हरनं गाडी बंद केली. म्हणाला, "पयले कंगवा दे."

त्याच्यानंतर मी घेतला.