सगळ्यांच्या मागे पळणारा

तलासरीकडच्या डोंगरपाड्यातला जिव्या कोसबाडजवळच्या एका चिकूच्या वाडीत कामाला होता. त्याच्यासारखा पळणारा माणूस मी डहाणूत दुसरा पाहिला नाही. माझं पाहणं ते किती, पण तरीही.

आमचा धावण्याचा क्लब दर रविवारी पहाटे किनाऱ्यावर जमायचा. दुकानदार, शिक्षक पळायचे, आम्ही पेन्शनवाले मागून चालायचो. जिव्या एकदा गंमत म्हणून अनवाणी पळाला आणि सगळ्यांना टाकून पुढे गेला. मग येतच राहिला.

२०१७च्या महाराष्ट्र दिनाला क्लबने मोठी दौड ठेवली. सुरक्षेसाठी डॉक्टर, रुग्णवाहिका, सगळं ठरलं. कुणी वाटेत एकटा पडू नये म्हणून एकाने मुद्दाम सगळ्यांच्या मागे पळायचं, असंही ठरलं. ते काम जिव्याला दिलं. क्लबचे प्रमुख रूपेशशेठ हसत म्हणाले, "तू पुढे पळालास तर फोटोत आम्ही दिसणार कुठे?"

जिव्याही हसला. "चालेल शेट. मी हाय मागं."

पाहुणे उशिरा आले आणि दौड चांगलं ऊन चढल्यावर सुटली. शेवटच्या टेबलावर पाण्याबरोबर आपल्या भागाची खासियत म्हणून ताडाची नीरा ठेवली होती. पहाटे गोड असलेली नीरा ऊन लागलं की आंबते, तिची ताडी होते, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण सगळ्यांचे डोळे पाहुण्यांच्या गाडीकडे होते. मडकी उन्हातच राहिली.

जिव्या एका जाड्या कंत्राटदाराच्या मागे होता. तो दर थोड्या वेळाने बसायचा, जिव्या उभा राहायचा. स्वतःची पाण्याची बाटली जिव्याने त्यालाच दिली. शेवटच्या टेबलापाशी पोचेपर्यंत तिथलं पाणी संपलं होतं. कंत्राटदार कुणाच्या तरी स्कूटरवर बसून निघून गेला. मडक्यांत जे उरलं होतं ते जिव्या प्यायला आणि पुन्हा पळू लागला.

शेवटच्या रेषेपाशी तो झोकांड्या खात आला, काहीबाही बडबडला आणि पडला. तोंडाला ताडीचा वास होता.

"झोपू दे सुरूच्या सावलीत," रूपेशशेठ म्हणाले. "उतरली की उठेल."

मी म्हटलं, अंगावर पाणी ओता, डॉक्टरांना बोलवा. डॉक्टर मंचावर बक्षिसं देत होते. माझ्या हातात कुणीतरी सरबताचा पेला दिला.

जिव्या लग्नाकार्यात ताडी प्यायचा, लपवायचा नाही. त्यामुळे विश्वास ठेवणं सगळ्यांना सोपं गेलं.

त्याची बायको नवशी बाजारात भाजी विकायची. कुणाकडून तरी कळलं तशी धावत आली. त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि आमच्याकडे वळली.

"हात लावून बघा. ताडी प्यालेल्याचं अंग असं भाजतं का?"

तेव्हा कुठे रुग्णवाहिका हलली. दुसऱ्या दिवशी जिव्या गेला. उष्माघात, असं डॉक्टरांनी सांगितलं.

क्लब मदत द्यायला तयार होता. नवशीने ती घेतली नाही. तिचं मागणं एवढंच होतं, की तिचा नवरा पिऊन मेला नाही हे लोकांसमोर कर्ण्यावरून सांगावं, कारण पाड्यावर आणि वाडीत सगळीकडे तेच बोललं जात होतं.

रूपेशशेठ म्हणाले, "सगळ्यांना माहीतच आहे, वहिनी. बोलून उगाच क्लबचं नाव कशाला खराब करायचं?"

सगळ्यांना माहीत होतं ते एवढंच, की जिव्या प्यायचा.

पुढच्या वर्षी पुन्हा दौड झाली. सुटण्याआधी रूपेशशेठनी कर्ण्यावरून सुरक्षेचे नियम वाचले. पहिलाच नियम, नशा करून कुणी पळू नये. गेल्या वर्षी त्यामुळे एक दुर्दैवी घटना घडली, असंही ते म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या.

नवशी रस्त्याच्या कडेला भेंडीचे वाटे मांडून बसली होती. गिऱ्हाइकाने भाव विचारला. तिला तो दोनदा सांगावा लागला. कर्ण्याच्या आवाजात पहिल्यांदा ऐकूच गेला नाही.