उलटा नवस

गर्भजलाचा रिपोर्ट आला त्या दुपारी कॉलेज रोडच्या क्लिनिकमध्ये आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि सायखेड्याहून आलेल्या सासूबाई. डॉक्टरबाईंनी एक चित्र पुढे सरकवलं. गुणसूत्रांच्या जोड्या ओळीने लावलेल्या, एक कोपरा काळ्या पट्टीने झाकलेला. सगळ्यांच्या खाली एक अगदी लहान तुकडा, एकटा.

“हा जास्तीचा आहे,” त्या म्हणाल्या.

“कोणत्या जोडीतला?” मी विचारलं.

“अजून ओळखता येत नाही.”

तुकडा निरुपद्रवी असेल किंवा बाळाला गंभीर त्रास होईल. दोन्ही शक्यता त्यांनी एकाच सुरात सांगितल्या. गर्भ ठेवायचा की नाही, ते यावर ठरणार होतं.

सासूबाईंनी पट्टीवर बोट ठेवलं. “हे का दाबलंय?”

“आजी, तिथे मुलगा की मुलगी ते कळतं. कायद्याने झाकावं लागतं. तुकडा बाहेरच आहे.”

रिक्षात त्या म्हणाल्या, “झाकून ठेवतेत तेच खरं राहतं.” वर्तमानपत्रात माझं कामही याच समजुतीवर चालतं.

आम्हा दोघांचं रक्त तपासायला गेलं. आमच्यापैकी कुणात तोच तुकडा निघाला आणि तो माणूस धडधाकट असला, तर काळजी कमी होणार होती. सासूबाईंना मी हे दोनदा समजावलं.

“म्हंजे माझ्या पोरात खोट निघू दे, आसं मागू देवाला?”

“त्याच्यात किंवा माझ्यात.”

“तुझ्यात मागितलं तर लोक काय म्हणतील? त्याच्यातच मागते.”

गोदाकाठच्या महादेवाला त्या तसा नवस बोलल्या.

नवऱ्याच्या रक्तात तोच तुकडा निघाला. बारीक तपासणीतही त्यात महत्त्वाचं काही सापडलं नाही. “बहुतेक निरुपद्रवी,” डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘बहुतेक’ हा शब्द मी बातमीत राहू देत नाही. त्याच्याच आधारावर आम्ही गर्भ ठेवायचं ठरवलं.

सायखेड्याला नवसाचा नारळ फोडल्यावर सासूबाई माझ्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

“हा बोलायला लय उशिरा लागला हां. त्या तुकड्यामुळं का?”

“माहीत नाही, आई,” मी म्हणाले.

“डॉक्टरीणबाईला विचारायचं राहिलं.” त्यांनी त्याच्या हातावर आणखी थोडं खोबरं ठेवलं. तो काही न बोलता खात होता.

“मग डोहाळजेवण कवा धरायचं?”

मी त्याच्याकडे पाहिलं आणि पुढच्या महिन्यातला रविवार सांगितला.